जोडीनं जा, एकेकट्यानं बघा

लंडनच्या एका मोठ्या म्युझियममध्ये, एका इजिप्शियन ममीसमोर, आम्ही दोघं कडाकडा भांडलो होतो. कारण किरकोळ होतं. यांना प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची होती आणि मला बसायला जागा हवी होती. दुपारचे दोन वाजलेले, सकाळपासून पायांवर उभे, पोटात अर्धं सँडविच. "तू बघायला आलीस की उरकायला?" हे म्हणाले. मी काय म्हणाले ते छापण्याजोगं नाही. त्या ममीचा मात्र मला मनापासून हेवा वाटला. निदान ती आडवी तरी होती.

पुढच्या वर्षी मुलाकडे जर्मनीला गेलो आणि तिथून चार दिवस पॅरिसला. या वेळी घरूनच ठरवून निघालो आणि म्युझियमचा तो दिवस सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुखाचा दिवस ठरला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी जोडपं परदेशी निघालं की मी वहीतला तो आराखडा उतरवून देते. तोच इथे देत आहे. उदाहरण पॅरिसचं आहे, पण रीत कुठल्याही शहरात लागू पडेल. लग्नाला दोन वर्षं झालेली असोत की चाळीस, दोघांचे पाय आणि दोघांचे डोळे वेगळे असतात, हे एकदा मान्य केलं की निम्मं काम होतं.

एका दिवसात एक मोठं, एक लहान

आधी एक हिशेब करू. लूव्रमध्ये सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीला फक्त दहा सेकंद दिले, तरी न झोपता, न जेवता ९७ तास लागतील. म्हणजे चार दिवस आणि वर एक तास! तेव्हा 'आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ' हा विचार विमानतळावरच सोडून द्या. नाहीतर भोज्याला शिवून पळायचा खेळ होतो. चित्र दिसलं, फोटो काढला, पुढे चला.

म्हणून एका दिवसात एकच मोठं म्युझियम, आणि त्याला जोडून एक लहान. मोठं सकाळी, पाय ताजे असताना. लहान दुपारी, आणि ते असं निवडा की तिथे बसून बघता येईल. पॅरिसमध्ये ही जोडी आयतीच जमते. लूव्र एका टोकाला, मध्ये तुइलरीची बाग आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला ऑरांजरी. बस नको, मेट्रो नको. बागेतून रमतगमत वीस मिनिटांत पोचता येतं.

"मग ऑर्सेचं काय?" असं विचारणारे असतात. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या रेल्वे स्थानकात १९८६मध्ये उघडलेलं हे म्युझियम आहेच तितकं देखणं. सेन नदीच्या पलीकडच्या काठावर, अगदी हाकेच्या अंतरावर. पण त्याला दुसरा दिवस द्या. गुरुवारी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, तेव्हा एखादी संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवता येते.

तिकिटाआधी वार बघा

लूव्र आणि ऑरांजरी मंगळवारी बंद असतात, ऑर्से सोमवारी. हा घोळ फार जणांचा होतो, कारण मंगळवारी सकाळी काचेच्या पिरॅमिडपर्यंत जाता येतं, फोटोही छान येतात, फक्त आत जाता येत नाही. लूव्र एरवी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आणि बुधवारी व शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. ऑरांजरीची वेळही नऊ ते सहा. १ मे आणि नाताळ या दिवशी मोठी म्युझियम्स बंदच असतात, असं धरून चाला.

तिकीट घरूनच, म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. त्यावर ठरावीक वेळ छापलेली असते. सकाळी नऊची वेळ मिळाली तर डोळे झाकून घ्या. लूव्रनं जानेवारी २०२६पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे, म्हणजे दोघांचे ६४. ही रक्कम ऐकली की 'पैसे वसूल' करायची खुमखुमी येते आणि मग संध्याकाळपर्यंत आतच फिरत राहायचं ठरतं. तिथेच घात होतो. साडेतीन तास नीट बघून बाहेर पडलात, तर पैसे वसूल झाले असं समजा.

म्युझियमचा पास हवा का? पॅरिसचा पास दोन, चार किंवा सहा दिवसांचा असतो. एकाच दिवसात दोन ठिकाणं बघायची असतील तर तो घेऊ नका, आणि घेतलात तर पास असूनही लूव्रची वेळ वेगळी राखून ठेवावी लागते, हे विसरू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑर्से आणि ऑरांजरी फुकट असतात, पण आपल्यासारखेच फुकटाला जागणारे जगभरातून येतात!

जाण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर एकदा नजर टाका. लूव्रची काही दालनं काही ठरावीक दिवशी बंद ठेवतात. ज्यासाठी जायचं तेच दालन बंद, असं व्हायला नको. संप असेल तर तेही तिथेच कळतं.

तीन तुझ्या, तीन माझ्या

आता मुख्य गोष्ट. निघण्याआधी एक संध्याकाळ घरच्या जेवणाच्या टेबलावर बसा. दोघांनी, एकमेकांना न दाखवता, आपल्याला बघायच्या तीन-तीन वस्तू कागदावर लिहा. म्युझियमच्या संकेतस्थळावर सगळ्यांची चित्रं आणि दालनांचे क्रमांक आहेत. मग कागद समोरासमोर ठेवा.

आमच्या कागदांवर दोन नावं सारखी निघाली. मोनालिसा, अर्थातच, आणि पंखवाली विजयदेवता. तिसरं नाव वेगळं होतं. हे जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना हम्मुराबीची कायद्याची शिळा बघायची होती. मी पन्नास वर्षं भरतकाम करते आहे, मला व्हर्मीरची लेस विणणारी बाई बघायची होती. सारखी नावं असतील त्या वस्तू एकत्र बघायच्या. वेगळ्या असतील त्या ज्याच्या त्यानं, एकट्यानं, जाऊन बघायच्या. हा साधा नियम पाळला आणि ममीसमोरचं भांडण पुन्हा झालं नाही.

एकट्यानं म्हटलं की काही बायकांना धास्ती वाटते. परक्या देशात, हरवलो तर? म्हणून भेटीची जागा आणि वेळ आधी ठरवा, आणि मोबाईलवर विसंबू नका. जाड भिंतींच्या आत रेंज जाते, चार्जिंग संपतं. जागा अशी हवी की नाव विसरलं तरी विचारता येईल. लूव्रच्या रिशल्यू भागात काचेच्या छताखाली संगमरवरी घोड्यांचं एक मोठं अंगण आहे, कूर मार्ली. उजेड भरपूर आणि टेकायलाही जागा. आम्ही ठरवलं, साडेअकराला घोड्यांपाशी. कुणी पंधरा मिनिटांत आलं नाही, तर दोघांनी पिरॅमिडखालच्या चौकशीच्या टेबलापाशी जायचं. ही दुसरी जागा लागली नाही, पण ती ठरवलेली होती म्हणून मन निर्धास्त होतं.

सकाळी नऊ: मुखदर्शन आधी

मेट्रोनं पॅले रोयाल – म्युझे द्यू लूव्र या स्थानकावर उतरा. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, लहान सॅक चालते. पाण्याची बाटली, छोटी वही, पातळ स्वेटर आणि वापरलेले, पायांना सवय झालेले बूट, एवढं पुरे. नवे बूट मुळीच नको. सरळ रस्त्यानं चालताना पाय दुखत नाहीत इतके संगमरवरी फरशीवर चार पावलं चालून थांबताना दुखतात, हे लग्नाच्या रांगेत आहेर घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. चालणं कठीण असेल तर लूव्रमध्ये चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते. मागायला संकोच करू नका.

इमारतीचे तीन भाग आहेत: दनों, स्युली आणि रिशल्यू. नकाशा कळण्याआधी एवढी नावं पाठ करा, कारण सगळ्या पाट्या याच नावांनी आहेत.

नऊ वाजता आत शिरलात की थेट दनों. रुंद जिन्याच्या माथ्यावर पंखवाली विजयदेवता उभी आहे. १८६३मध्ये सामोथ्रेस बेटावर सापडलेली, डोकं नाही, हात नाहीत, पण जहाजाच्या नाळेवर उभी राहून वारा अंगावर घेतलेली. तिच्याकडे खालून जिना चढतच जा. वर पोचल्यावर बघणं वेगळं आणि पायरी-पायरीनं ती मोठी होत जाताना बघणं वेगळं.

तिथून मोनालिसा. इथे खरं सांगते, अपेक्षा मुखदर्शनाची ठेवा. पंढरपुरात पायावर डोकं ठेवायची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. मोनालिसाला फक्त दुसरीच रांग आहे. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र, पुढे काच, कठडा आणि उंचावलेल्या हातांमध्ये शेकडो मोबाईल. २१ ऑगस्ट १९११ला हे चित्र चोरीला गेलं. तिथे काम केलेल्या व्हिन्चेन्झो पेरुज्या या इटालियन कामगारानंच ते पळवलं होतं. ते दोन वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये सापडलं. मधल्या काळात भिंतीवरची रिकामी जागा बघायला लोक रांगा लावत होते. गर्दीचं गणित तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. खिसा आणि पर्स मात्र पुढच्या बाजूला धरा. गर्दीत सगळेच वर बघत असतात, खिसेकापू खाली बघतात.

मोनालिसा बघून झाली की जागेवरच पाठ फिरवा. समोरच्या भिंतीवर जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच चित्र आहे, पाओलो व्हेरोनेझेचं 'काना गावचं लग्न'. १५६३मधलं हे चित्र व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी काढलेलं होतं. नेपोलियनच्या सैन्यानं १७९७मध्ये ते उचलून आणलं. प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. लग्नाची पंगत बसलेली आणि ऐन वेळी द्राक्षारस संपला, यजमानाची लाज जायची वेळ. मग येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. शंभराहून जास्त माणसं, वाढपी, वाजंत्री, कुत्री, उंची कपडे.

इथे जोडीनं खेळायचा एक खेळ सांगते: या लग्नात नवरानवरी शोधा. आम्हाला पाच मिनिटं लागली. मधोमध येशू बसला आहे, त्याच्या पुढे वादक. नवरानवरी बिचारी डावीकडच्या टोकाला, टेबलाच्या कोपऱ्यात. "आपल्या लग्नातही हेच झालं होतं," हे म्हणाले, "मध्ये तुझे काका बसले होते." एवढ्या गर्दीच्या दालनात आम्ही दोघंच मोनालिसाकडे पाठ करून हसत होतो.

त्यानंतर पंधरा मिनिटं बाकावर बसा. पाय दुखायला लागण्याआधी बसायचं असतं, नंतर नाही.

वाटेत एक खंदक

दनोंहून रिशल्यूकडे जाताना आतल्या आत स्युली भागाच्या तळघरात उतरा. महाराष्ट्रातल्या माणसानं हे चुकवू नये. लूव्र आधी राजवाडा आणि त्याआधी किल्ला होतं. राजा फिलिप ऑगस्टनं ११९०च्या सुमारास पॅरिसच्या रक्षणासाठी तो बांधायला घेतला. त्या किल्ल्याचा खंदक आणि बुरुजांचे पाये उकरून तसेच ठेवले आहेत. तुम्ही कोरड्या खंदकातून चालता आणि बाजूला तासलेल्या दगडांची भिंत उभी असते. दगडांवर गवंड्यांच्या खुणाही दिसतात. सकाळभर सोनेरी चौकटींमध्ये अवघडलेले आमचे हे इथे एकदम घरच्यासारखे वावरायला लागले, दगडावर हात ठेवायला निघाले. हात लावायचा नाही, हे मला सांगावं लागलं.

साडेदहा ते साडेअकरा: ताटातूट

रिशल्यूत पोचलात की घड्याळ जुळवा आणि वेगळे व्हा. हा तास दिवसाचा गाभा आहे. चुकवू नका आणि लाजूही नका.

एकट्यानं बघताना एक पद्धत वापरा. चित्रासमोर उभं राहून आधी तीन मिनिटं नुसतं बघा, मग पाटी वाचा, मग पुन्हा बघा. फोटो काढायचाच असेल तर अगदी शेवटी, फ्लॅश बंद ठेवून. वहीत तीन ओळी लिहा. फक्त तीन, पण संध्याकाळी दुसऱ्याला सांगता येईल अशा.

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. मोनालिसाच्या गर्दीतून आलेल्या माणसाला तिथली शांतता कानात दडे बसल्यासारखी वाटते. व्हर्मीरची ती बाई जेमतेम २४ सेंटिमीटर उंचीच्या चित्रात बसली आहे, वहीच्या पानाएवढ्या. मी बोटांवर सूत घेऊन जन्म काढला, म्हणून मला एक गोष्ट लगेच दिसली. तिच्या बोटांमधले दोन धागे अगदी रेखीव आहेत, आणि बाजूच्या उशीतून ओघळणारे लाल-पांढरे धागे मात्र धूसर, रंग सांडल्यासारखे. काम करताना अगदी तसंच दिसतं. टाका स्पष्ट आणि बाकी सगळं जग पुसट. कुणी सोबत असतं तर मी हे बोलून टाकलं असतं आणि पुढे गेले असते. एकटी होते म्हणून वीस मिनिटं उभी राहिले.

दुपार: बागेतलं जेवण

साडेबारापर्यंत बाहेर पडा. परत आत जाता येणार नाही असं समजूनच बाहेर या, म्हणजे मन मागे राहत नाही. पाणी, स्वच्छतागृह वगैरे आतच उरकून घ्या.

तुइलरीच्या बागेत पाण्याच्या गोल हौदांभोवती हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात. कुणीही बसावं, पैसे नाहीत. दोन खुर्च्या ओढून घ्या, पाय तिसरीवर ठेवा. आसपासच्या बेकरीतून ताजा पाव आणि चीज घेता येतं. शाकाहारी असाल तर 'सां व्हियांद', म्हणजे 'मांस नको', हे शब्द पाठ करा, पण त्यावरच विसंबू नका. साध्या दिसणाऱ्या कीशमध्ये डुकराचं मांस असू शकतं आणि सॅलडमध्ये मासा. रेस्टॉरंटमध्ये बसलात तर 'कराफ दो' मागा. नळाचं पाणी फुकट मिळतं, बाटलीचे पैसे पडतात. आमच्याकडे मुलाच्या घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पॅरिसच्या कबुतरांना दशमी फार आवडते, हे अनुभवाने सांगते.

बागेत कुणी कागद पुढे करून सही मागितली, तर हात जोडून पुढे चला. एक जण सही घेतो, दुसरा पर्स.

एक तास बसा. शक्य असेल तर डुलकी काढा. दुपारचं म्युझियम या डुलकीवर उभं असतं.

तीन वाजता: तळ्याकाठी

ऑरांजरी लहान आहे, पण तिथेही वेळ राखलेलं तिकीट हवं. वरच्या मजल्यावर दोन लंबवर्तुळाकार खोल्या, छतातून येणारा दिवसाचा उजेड आणि भिंतींवर सगळीकडून वेढणारी क्लोद मोनेची कमळांची तळी. दोन मीटर उंचीच्या आठ रचना. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा, नोव्हेंबर १९१८मध्ये, मोनेनं ही चित्रं फ्रान्सला देऊ केली. लोकांसाठी ती १९२७मध्ये खुली झाली. मोने आदल्याच डिसेंबरात गेला होता.

इथे वेगळं व्हायचं नाही. मधल्या बाकावर शेजारी शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. दर दहा मिनिटांनी जागा बदला. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसतात, मागे सरलं की पाणी होतं. ढग आले की चित्रही बदलतं, कारण उजेड खराखुरा आहे.

ही चित्रं काढताना मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३मध्ये झाली. हे मला आधी ठाऊक होतं, यांना नव्हतं. यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं आदल्याच वर्षी झालेली. बराच वेळ गप्प बसल्यावर हळूच माझ्याकडे झुकून म्हणाले, "अगं, ऑपरेशनच्या आधी मला आपलं अंगण असंच दिसायचं." चित्रकलेवरचं एवढं थेट भाष्य मी कुठल्या पाटीवर वाचलेलं नाही.

खालच्या मजल्यावर रन्वार, सेझान, मोदिग्लियानी आहेत. पाय साथ देत असतील तर बघा, नसतील तर सोडा. सोडता येणं हेही ठरवून करायचं काम आहे.

संध्याकाळ: वही उघडा

साडेचार-पाचला दिवस संपवा. आयफेल टॉवर आज नको. नदीकाठी किंवा एखाद्या कॅफेत बसा, कॉफी मागवा आणि वह्या काढा. दोघांनी आपल्या तीन-तीन ओळी वाचायच्या आणि दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं. सकाळी वेगळे झालात तो तास इथे एकत्र होतो. दिवसभर बरोबरच फिरलेल्या जोडप्याकडे संध्याकाळी एकमेकांना सांगायला नवं काय असणार?

यांची पहिली ओळ होती: शिळा काळी, माझ्यापेक्षा उंच, वर राजा उभा आणि न्यायाचा देव बसलेला. दुसरी: घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. 'आपल्याकडच्या बिल्डरांना दाखवायला हवी.' तिसरी: दुसऱ्या एका राजानं ती लुटून नेली, खालचा काही मजकूर घासून काढला, बहुधा स्वतःचं नाव कोरण्यासाठी, पण ती जागा तशीच कोरी राहिली. "चाळीस वर्षं फायली सांभाळल्या," हे म्हणाले, "पण खाडाखोड केलेला सर्वांत जुना कागद आज बघितला."

मग मी माझ्या धाग्यांचं सांगितलं. टाका स्पष्ट, जग पुसट. यांनी माझ्या बोटांकडे बघितलं.

हम्मुराबीची शिळा मी अजून पाहिलेली नाही. तरी त्या कोऱ्या जागेबद्दल मला कुणीही विचारावं, मी डोळे मिटून सांगू शकते.